डाव्या हाताची ताकीद

शनिवार, १५ फेब्रुवारी

एमेट शिमेकला आज मी हरवलं. ब्रॉडी ऑल्डनने नाही. मी.

बायकोने, जोलीनने, विचारलं, जेवलास का. म्हटलं हो. जेवलेलो नाही. शाळेच्या व्यायामशाळेत दुपारी चिप्सच्या पुडीत खिमा ओतून देतात, तेवढं खाल्लं होतं.

नीट लिहून काढतो. नाहीतर उद्यापर्यंत मी स्वतःलाच काहीतरी वेगळं पटवून दिलेलं असेल.

जिल्ह्यातली दुसऱ्या जागेची कुस्ती. जिंकेल तो डे मॉइनला, स्टेटला, म्हणजे राज्य स्पर्धेला. हरेल तो घरी. दोन्ही पोरं बारावीची, म्हणजे पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नाही. एमेटच्या घोट्याला लाल पट्टी, ब्रॉडीच्या हिरवी. मी पंच, माझ्या डाव्या मनगटावर लाल, उजव्यावर हिरवी – हे कायमचं. ज्याचा दोष त्याच्या रंगाची मूठ वर करायची. टेबलावर गुण लिहिणाऱ्या बाईंना त्या गोंगाटात माझं काही ऐकू जात नाही. त्या फक्त मनगट बघतात.

पहिल्या फेरीत ब्रॉडी मागे मागे. एमेट पट काढायला घुसतोय आणि हा टाच रेषेवर ठेवून बाहेर निसटतोय. स्वच्छ वेळकाढूपणा. त्यात मर्ल गॉटशॉक कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला. मर्ल म्हणजे जिल्ह्याचा मुख्य पंच, मला शिकवलं ते त्यानेच. सकाळीच म्हणाला होता, "वेस, तुझी मूठ फार उशिरा वर जाते. पोरं वेळ काढतात आणि तू त्यांची दया करत बसतोस." म्हणून आज लगेच केली. मूठ वर, ताकीद.

डावी मूठ.

मी डावखुरा. घाई झाली की डावा हात आधी जातो. पंचगिरीच्या पहिल्या हिवाळ्यात मर्लने मला उजव्या हाताने कॉफी प्यायला लावली होती, ती याचसाठी. तर ब्रॉडीची ताकीद गेली एमेटच्या नावावर आणि मला पत्ता नाही. एमेटचा कोच हॅलोरन उठला. "आमची? आमचा तर पुढे जातोय, पंच! आमची कशी?" हॅलोरन प्रत्येक निर्णयाला उठतो. शिट्टी वाजवायला तोंडाकडे हात नेला तरी उठतो. मी म्हटलं, "हा पंचाच्या मताचा भाग आहे, कोच. बसून घ्या." वेळकाढूपणा कुणाचा हे ठरवणं पंचाचं मत, त्यावर दाद मागता येत नाही. हात चुकणं हे मत नव्हे, ती चूक. तिच्यावर दाद मागता येते. पण मी त्याला बसवलं आणि तो बसला.

शेवटच्या फेरीत एमेट एका गुणाने पुढे होता. शेवटी शेवटी दमला. मागे सरायला लागला, डोळे घड्याळाकडे. हाही वेळकाढूपणाच, त्यात शंका नाही. लाल मूठ वर केली. माझ्या डोक्यात ही त्याची पहिली, म्हणजे नुसती ताकीद. टेबलावरून बाई ओरडल्या, "लालची दुसरी!" दुसऱ्या वेळी समोरच्याला गुण द्यायचा असतो. मी जरासा थांबलो. दुसरी? मग हिरव्या हाताचं बोट वर केलं. बरोबरी. जादा वेळेत ब्रॉडीने पाय धरून त्याला खाली घातलं आणि संपलं.

इथपर्यंत चूक. चूक कुणाचीही होते.

पुढचं चूक नाही. दोघांच्या मधोमध उभा होतो, दोघांची मनगटं माझ्या हातात. हॅलोरन ओरडत होता, "पहिली कधी दिलीत आम्हाला? कशाबद्दल दिलीत?" आणि मला एकदम दिसलं. ब्रॉडीची टाच, ती रेषा, आणि माझा डावा हात वर. पोरं गादीवर आहेत तोवर अशी चूक सुधारता येते. टेबलाकडे जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मर्ल बघत होता. सगळा गाव बघत होता.

मी ब्रॉडीचा हात वर केला.

एमेट तिथेच खाली बसला आणि बूट सोडायला लागला. शाळेतली शेवटची कुस्ती झाली की आमच्याकडे पोरं बूट गादीच्या मधोमध ठेवून अनवाणी जातात. लोक उभे राहिले, टाळ्या झाल्या. नाडीची गाठ सुटेना त्याची. मी शेजारी उभा. पुढची जोडी खोळंबली होती म्हणून बूट मीच उचलून बाजूला ठेवले. एरवी घरचं कुणीतरी येऊन घेऊन जातं. कुणी आलं नाही. बूट माझ्या बॅगेत आहेत.

रविवार, १६ फेब्रुवारी

चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी तिघा-चौघांनी पाठ थोपटली. "शेवटी कुणीतरी वेळकाढूपणाला शिक्षा दिली बाबा." "त्या घडीला मूठ वर करायला छाती लागते." मी डोनट खात राहिलो. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

दुपारी मर्लचा फोन. स्टेटच्या पंचांपैकी एकाचा गुडघा गेला, एक जागा रिकामी आहे, मर्लने माझं नाव दिलं. "काल तू घाबरला नाहीस," म्हणाला. "हेच बघायचं होतं मला."

डोक्यावर केस होते तेव्हापासून मी या फोनची वाट बघतोय. हो म्हटलं. फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसलो. जोलीनला वाटलं आनंदाने रडतोय. तिने केक लावला ओव्हनमध्ये.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज शिमेकांच्या गोठ्यावर फेरी. एक दिवसाआड असते. मर्लने शनिवारी सकाळी सगळ्या पंचांना विचारलं होतं, कुणाची कुणाशी ओळखपाळख? मी म्हटलं, अर्ध्या जिल्ह्याचं दूध मी टँकरमधून वाहतो, मग काय घरी बसू? सगळे हसले होते.

दूध नुसतं ओढून घेता येत नाही. आधी टाकीतलं ढवळणं सुरू करायचं, ते पुरतं फिरू द्यायचं, मग नमुना घ्यायचा, मग नळी लावायची. तेवढा वेळ दुधघरात उभं राहावं लागतं. डॅरिल शिमेकशी माझी सगळी मैत्री त्या तेवढ्या वेळात झालेली. गुरं, बायका, कुस्ती. स्टेटचं माझं रडगाणं त्याने किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे.

आज आला, "काय वेस" म्हणाला, दार बंद केलं. थंडी मरणाची होती. म्हणाला, "ऐकलं मी. डे मॉइनला चाललास. फार चांगलं झालं." हात पुढे केला. मी हातमोजा काढून हात मिळवला. डावाच आधी पुढे गेला, मग बदलला.

एमेट वासरांना बाटली पाजून आत आला. बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. बाप इकडच्या भिंतीकडे बघतोय, पोरगा तिकडच्या. शिमेकांच्या घरात मागे सरणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. डॅरिल स्वतः कुस्ती करायचा, मागे सरणाऱ्याला तो बूट पुसायलाही उभा करणार नाही. म्हणजे पोराला घरात हे भोगावं लागतंय. माझ्यामुळे.

मग एमेटने विचारलं. "सर, शेवटची कळली मला, ती बरोबरच होती. पहिली ताकीद कशाबद्दल होती?"

साधा प्रश्न. साधा आवाज. डॅरिल नळीकडे बघत होता.

मी म्हटलं, "तू नुसते हात लावून होतास त्याला. डाव नव्हता करत."

"बरं," म्हणाला. "लक्षात नाही माझ्या." आणि बाहेर गेला.

बूट टँकरमध्ये सीटखाली होते. दिले नाहीत. कसे देणार?

नमुना घ्यायला विसरलो. अर्ध्या रस्त्यातून परत जावं लागलं. तेव्हा दुधघरात कुणी नव्हतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

जोलीनला सांगितलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात असते, दिवसभर पोरांत. मला वाटलं होतं ओरडेल. ती भांडी पुसत राहिली.

"मग सांग त्यांना."

म्हटलं, आता निकाल बदलत नाही. पोरं गादीवरून उतरली की संपलं.

"निकाल कोण म्हणतंय? पोराला सांग. आज जेवणाच्या रांगेत होता. त्याला कुणीतरी विचारलं, काय रे, पळाला का होतास? ताट घेऊन कोपऱ्यात गेला बसायला."

"स्टेट झालं की सांगतो."

"स्टेट झालं की." तिने फडकं झटकून टांगलं. "यालाच ताकीद देता ना रे तुम्ही? घड्याळाकडे बघत मागे मागे जायचं?"

मी रागावलो. तिच्यावर! काहीतरी वाकडं बोललो. नंतर माफी मागितली, तिने "हं" म्हटलं.

खरं कारण लिहून ठेवतो, इथे कोण बघायला येतंय. आज सांगितलं तर मर्लला कळणार. मर्ल माझं नाव काढणार. मला जायचंय. पोराच्या जागेवर पाय ठेवून मला तिथे जायचंय.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ठरवून गेलो होतो. सकाळी फेरी करून मग डे मॉइनला निघायचं, त्याआधी सांगायचंच. गाडीत वाक्य पाठ केलं. डॅरिल, माझा हात चुकला. एवढंच.

ढवळणं सुरू केलं. डॅरिल आला. हातात बायकोने भरून दिलेला गोड पावांचा डबा. "कॅरलने कोलाचे दिलेत तुला वाटेत खायला. जर्दाळूचे आहेत, तुला आवडतात ते." मी डबा धरून उभा. टाकी घरघरत होती. ती थांबेपर्यंत बोलायचं असं ठरवलं. ती थांबली.

"तिथे चांगली पंचगिरी कर," डॅरिल म्हणाला. "नीट बघ, म्हणजे झालं."

नीट बघ! मला वाटलं, याला कळलंय की काय. पण चेहरा नेहमीचाच होता. एमेट दिसला नाही. विचारलं तर म्हणाला, "शेण काढतोय. जाऊ दे त्याला, सध्या डोकं फिरलंय त्याचं."

कोलाचे वाटेत खाल्ले. सगळे. चव लागली आणि त्याचाच राग आला.

गुरुवार, २० फेब्रुवारी. डे मॉइन

ब्रॉडी ऑल्डन दोन्ही कुस्त्या हरला. दुपारच्या आत बॅग भरून घरी गेला. माझ्या गादीवर नव्हता. देवाची कृपा म्हणायची की काय म्हणायचं, कळत नाही.

एमेट इथे टिकला असता का? ते आता कुणालाच कळणार नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

एक तरुण पंच आहे, नील ब्रुग्मन, पहिलंच वर्ष. जेवताना शेजारी येऊन बसला. "तुमच्याबद्दल मर्ल सांगत होते. वेळकाढूपणा तुम्ही कसा ओळखता?"

आणि मी सांगत सुटलो. हात बघू नकोस, हात खोटं बोलतात. मानेवर पंजा ठेवून पोरगं झटापट केल्यासारखं दाखवतं, पण ओढत नाही. पाय बघ. पाय पुढे येतायत की रेषा शोधतायत? एकदा बाहेर जाणं अपघात असेल, पुन्हा त्याच बाजूने गेला तर तो रस्ता आहे त्याचा. वरचा पैलवान नुसता घोटा धरून लोंबकळला तर तोही त्यातलाच – धरलंय खरं, पण करायचं काही नाहीये. कुणी उगाच कानटोप सारखा करायला थांबतो, कुणाची नाडी नेमकी आघाडी मिळाल्यावर सुटते. आणि दमलेल्यात आणि चुकारात फरक कर. दमलेला चुकीचा का होईना, डाव करतो.

"आणि शंका आली तर?" नीलने विचारलं.

"शंका आली तर थांब. टेबलाला विचार. लाजायचं काय त्यात?"

हे मी म्हणालो. याच तोंडाने. पोरगा मान डोलवत ऐकत होता. मी ताट तसंच ठेवून उठलो.

संध्याकाळी मर्ल एकटा सापडला. म्हटलं, मर्ल, शनिवारच्या शिमेकच्या कुस्तीबद्दल – त्याने मध्येच तोडलं. "उत्तम झाली ती. आता मागचं उकरू नकोस, उद्या अंतिम फेरी आहे." तो लिफ्टमध्ये शिरला. मी शिरलो नाही. मला अडवलं नव्हतं कुणी.

शनिवार, २२ फेब्रुवारी

अंतिम फेरीची एक कुस्ती मला मिळाली. इतका मोठा मंडप, इतके लोक, दिवे. हेच हवं होतं.

चांगली झाली. एकही चूक नाही. प्रत्येक वेळी मूठ वर करायच्या आधी मनगट बघत होतो, लहान पोर रस्ता ओलांडताना बघतं तसं. कुस्ती संपल्यावर हरलेल्या पोराने बूट सोडले. मी बाजूला उभा राहिलो. जोलीन वर प्रेक्षकांत होती. नंतर म्हणाली, "टाळ्या वाजवताना मी तुझ्याकडेच बघत होते. तू बुटांकडे बघत होतास."

मर्लने सगळ्यांसमोर मिठी मारली. जोलीनने फोटो काढला. फोटोत मी हसतोय. चांगलं हसू आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

काल दिवसभर झोपलो. आज इतर गोठ्यांची फेरी. सगळीकडे अभिनंदन. एकाने टँकरवर कागद चिकटवला – स्टेटचा पंच. काढला नाही. उद्या शिमेकांकडे हाच टँकर न्यायचाय हे लक्षात आल्यावर काढला.

मर्लला फोन केला. सगळं सांगितलं, त्याला मध्ये बोलू दिलं नाही. मग तो म्हणाला, "स्टेट व्हायच्या आधी सांगितलं असतंस तर मी तुझं नाव काढलं असतं." म्हटलं, म्हणूनच नाही सांगितलं. त्याने फोन ठेवला. पुढच्या वर्षी पट्ट्या बांधायच्या की नाही ते तो ठरवेल. मीही ठरवीन.

बूट पुसले. नाड्या धुऊन वाळवल्या. जोलीन म्हणाली, "जास्त चकाकवू नकोस, लाच वाटेल." आठवड्यात पहिल्यांदा हसली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सांगितलं. ढवळणं सुरू करायच्याही आधी. डॅरिल, माझा हात चुकला, आणि मला ते कुस्ती संपायच्या वेळीच कळलं होतं.

डॅरिल म्हणाला, "माहीत आहे. कॅरलच्या फोनमध्ये सगळी कुस्ती आहे. त्याच रात्री बघितली. तुझा हातही दिसतो, नंतरचा तुझा चेहराही दिसतो."

"मग बोलला का नाहीस?"

"त्यावरूनच तर भांडण झालं घरात. एमेटला तिथल्या तिथे मर्लला फोन करायचा होता. मी नाही करू दिला. आमचं काही परत येणार नव्हतं. म्हटलं, वेसचं तरी स्टेट होऊन जाऊ दे. इतकी वर्षं ऐकतोय इथे उभं राहून."

एमेट दारात होता. बूट त्याच्यापुढे धरले. त्याने घेतले, आत हात घालून बघितलं.

"मागच्या सोमवारी मी विचारलं ना, पहिली कशाबद्दल होती, तेव्हा मला माहीत होतं," म्हणाला. "बाबा म्हणाले होते, तू नुसतं विचार, तो सांगेल."